चोवीस सेंटीमीटर

तिला सगळे गवंडीणबाई म्हणायचे. हाताला कधी चुना लागला नव्हता की डोक्यावर घमेलं चढलं नव्हतं, तरी आजवर तिनं शेकड्यांनी घरं बांधली होती. राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, भुतांनी सुखानं राहावं अशी पडकी हॉस्पिटलं बांधली. सगळी संगणकात. वीस वर्षं ती खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती; खेळणारा ज्या घरांतून पळतो, लपतो, मारामाऱ्या करतो, ती घरं तिच्या हातची. मग कंपनी बुडाली आणि एका संशोधन संस्थेच्या सरांनी तिला बोलावून घेतलं.

"ज्या इंजिनावर तुमचे खेळ चालतात ना बाई, तेच आम्हाला हवंय," सर म्हणाले होते. "फरक एवढाच, आमच्याकडे कुणी जिंकत नाही. माणसं कशी पळतात, तेवढं आम्ही बघतो."

काम असं होतं. एखादी खरी इमारत मापाबरहुकूम संगणकात उभी करायची, तिच्यात आग लावायची, धूर सोडायचा आणि माणसांना आत पाठवायचं. डोकं झाकणारा जाडजूड चष्मा चढवला की माणसाला ती इमारतच दिसे. संस्थेच्या लांबलचक रिकाम्या हॉलमध्ये तो खरंच चालत असे, पण डोळ्यांपुढे पॅसेज असे, दारं असत, छताशी साठत येणारा धूर असे. हातांत दोन मुठी दिलेल्या असत; त्यांनी दार उघडता येई, चाकांची खुर्ची ढकलता येई, आणि हात भिंतीला लागला की मूठ थरथरे. खऱ्या आगीत माणूस ढकलून शिकणं हे पाप. या आगीत कुणाला चटका बसत नाही, अशी तिची समजूत होती.

त्या गुरुवारी सकाळी चष्मा घालायला जी बाई येणार होती, तिच्या वाट्याला खरी आग येऊन गेली होती.

चार महिन्यांपूर्वी एका वृद्धाश्रमाच्या मागच्या भागात दुपारी अडीच वाजता आग लागली. त्या भागात नऊ म्हातारी माणसं राहत; तिघं हात धरून चालणारी, सहा चाकांच्या खुर्चीवरची. बाकीचा नोकरवर्ग पुढच्या इमारतीत जेवायला गेलेला. मागे एकटी सेविका. तिला सगळे मावशी म्हणत. मावशींनी सात जणांना बाहेर काढलं. दोघं आत राहिली. समोरच्या दुकानदारानं चौकशी समितीपुढे सांगितलं, की धूर येत असताना ही बाई रिकामी खुर्ची घेऊन बाहेरच्या दारात दीड मिनिट नुसती उभी होती. "मी डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "हो, उभी होते. आतून एक खुर्ची बाहेर येत होती. पॅसेजमध्ये दोन खुर्च्या मावत नाहीत. ती बाहेर पडेपर्यंत मी आत जाणार कशी?"

कुणाचं खरं मानायचं? आतला भाग तर जळून, पाडून सपाट झाला होता. समितीनं सरांच्या संस्थेला विचारलं: धूर भरायला सहा मिनिटं लागली, तेवढ्यात एखाद्या साध्या माणसाला नऊच्या नऊ जण बाहेर काढता आले असते का?

गवंडीणबाईनं जुन्या नकाशावरून तो भाग उभा केला. बत्तीस माणसं चष्मा घालून आत गेली, प्रत्येक जण तीनदा. दोन खुर्च्या पॅसेजमधून एकमेकींशेजारून आरामात गेल्या. बहुतेकांनी नऊच्या नऊ बाहेर काढले. अहवाल गेला: "शक्य होतं." म्हणजे मावशी खोटं बोलत होत्या, म्हणजे त्या भीतीनं दारात थिजल्या आणि दोन जीव गेले. सोमवारी सुनावणी होती. तिथे यावर शिक्कामोर्तब झालं, की मावशींवर हलगर्जीपणाचा खटला, आणि आयुष्यभर जे एकच काम केलं ते पुन्हा करायची बंदी. मात्र सुनावणीआधी ते यंत्र स्वतः पाहण्याचा हक्क त्यांना होता. म्हणून त्या येणार होत्या.

आल्या त्या वेळेच्या आधी अर्धा तास. साठीला टेकलेली, ठेंगणी, मनगटं मात्र पैलवानासारखी. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

"राहू द्या हो मावशी, इथे कुणी काढत नाही," गवंडीणबाई म्हणाली.

"असू दे. आत दोन माणसं गेलीत ना, त्या जागेत मी चपला घालून नाही जायची."

आकडेमोड बघणारी तरुण सहकारी चष्मा पुसत होती. प्रत्येक गोष्टीची सरासरी काढते म्हणून तिचं नावच सरासरी पडलं होतं. तिनं मावशींच्या डोक्यावर चष्मा बसवला, पट्टा आवळला.

"जड आहे गं बाई हे. म्हशीला झूल घातल्यासारखं."

"सगळेच म्हणतात. बत्तीसातले एकोणतीस," सरासरी म्हणाली.

"उरलेले तीन काय म्हैस होते?"

सरासरी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. कारण मावशी हसत नव्हत्या. चष्म्यात चित्र आलं होतं. धूर सोडलेला नव्हता. नुसता दुपारचा उजेड, पॅसेज, दोन्हीकडची दारं.

मावशींनी मान खाली घालून पायाखाली पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "फरशी बरोबर केलीत. ती तिसऱ्या दाराजवळची फुटकी पण केलीत."

"फोटोत होती," गवंडीणबाई म्हणाली.

मावशी दोन पावलं पुढे गेल्या. आणि त्यांनी एक गोष्ट केली, जी बत्तीसांपैकी कुणीच केली नव्हती. दोन्ही हात दोन्ही बाजूंना उचलले, जशी बाई काळोखात घरातल्या घरात चालते तसे, आणि भिंती चाचपल्या. हात वाऱ्यावर राहिले. त्यांनी ते आणखी लांबवले, खांद्यापासून ताणले, चवड्यांवर उभं राहावं तशा ताठल्या. तेव्हा कुठे बोटांची टोकं टेकली आणि मुठी थरथरल्या.

"हे आमचं नाही," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फरशी आमची आहे, दारं आमची आहेत. भिंती लांब गेल्यात."

"चष्म्यात तसं वाटतं मावशी," सरासरी समजुतीनं म्हणाली. "अंतराचा अंदाज चुकतोच. शंभरातल्या साठ जणांचा चुकतो."

"डोळ्यांचा चुकत असेल. मी कुठे डोळ्यांनी बघत होते?" मावशींनी चष्मा उतरवला, मुठी टेबलावर ठेवल्या. कपाळावर लाल वळ उठला होता. "पोरी, सव्वीस वर्षं त्या पॅसेजमधून गेले. दिवे जायचे, तेव्हा दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना लावून जायचे, एकेक दार मोजत. आगीच्या दिवशीही तशीच गेले, दिसत कुठे होतं? तळवे टेकायचे तेव्हा माझी कोपरं वाकलेली असायची. वाकलेली. इतकी." आणि त्यांनी तिथेच, हॉलच्या मध्यात, हात तसे धरून दाखवले.

गवंडीणबाईनं टेबलावरची टेप उचलली. का उचलली कोण जाणे, हात गेला. एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत टेप धरली. एकशे एकोणीस.

"नकाशात किती आहे?" सरासरीनं विचारलं.

"एकशे वीस." गवंडीणबाई म्हणाली. "यंत्रातही एकशे वीसच आहे. सरांनी मोजून सही केलीय."

मावशींनी पदर खांद्यावर सारखा केला. "तुम्ही शिकलेल्या. मी काय बोलणार? सोमवारी येईनच," म्हणाल्या, आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

त्या गेल्यावर गवंडीणबाईनं इमारत उघडली आणि पॅसेजच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत रेघ ओढली. पडद्यावर आकडा आला.

एकशे चव्वेचाळीस.

तिनं रेघ पुसली, पुन्हा ओढली. एकशे चव्वेचाळीस. चोवीस सेंटीमीटर जास्त. खुर्ची सहासष्टची. दोन खुर्च्यांना एकशे बत्तीस लागतात. एकशे वीसमध्ये त्या मावत नाहीत. एकशे चव्वेचाळीसमध्ये मावतात.

या इंजिनात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. कुणी केला, कधी केला, का केला. तिनं ती यादी खाली खाली नेली. सरांची सही एका मंगळवारची. त्यानंतरच्या बुधवारी, रंगीत तालमीच्या दिवशी, एक नोंद होती. नाव तिचंच. शेरा तिच्याच शब्दांत: "पात्रं अडकत होती. दुरुस्त."

तिला तो बुधवार लख्ख आठवला. तालमीला आलेला पहिला माणूस रिकामी खुर्ची घेऊन आत शिरत होता, आणि संगणकानं चालवलेले चार नंबरचे आजोबा आपल्या खुर्चीत बाहेर येत होते. मध्यावर दोन्ही खुर्च्या एकमेकींना भिडून बसल्या. आजोबांची खुर्ची जागच्या जागी थडथडत राहिली, जशी काचेवर माशी. खेळांच्या कंपनीत असलं काही दिसलं की सगळे हसायचे आणि गवंडीणबाईला हाक मारायचे. अडकलेलं पात्र म्हणजे बनवणाऱ्याची लाज. तिच्या पहिल्या साहेबानं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: खेळणाऱ्याचा खांदा चौकटीला घासला की तो खेळ सोडून जातो, दार असेल त्याहून रुंद करायचं. वीस वर्षं तिनं दारं आणि बोळ रुंदच केले होते. त्या बुधवारीही तिनं विचार केला नाही. भिंती निवडल्या, एक पूर्णांक दोन हा आकडा टाकला, खुर्च्या सुटल्या, तालीम पुढे गेली. पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

ते अडकणंच तर खरं होतं. तेच मावशी चार महिने सांगत होत्या. यंत्रानं तेच दाखवलं, आणि तिनं ते दोष समजून दुरुस्त केलं.

सरासरी पलीकडच्या टेबलावर आकड्यांत बुडालेली. सर परगावी. ही गोष्ट या घडीला दोघांनाच माहीत होती. एक ती आणि दुसरा तो वरचा. तिला जाणवलं, की त्याला माहीत आहे याची तिला भीती वाटत नव्हती. भीती होती ती माणसांना सांगायची.

घरी पाऊल टाकताच सासूबाईंनी रोजचा प्रश्न विचारला, "काय गं, आज कुणाकुणाला जाळून आलीस?"

रोज ती हसून एखादं उत्तर द्यायची. शाळा जाळली, गोदाम जाळलं. आज तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "एका बाईला, आई."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. संध्याकाळचं निरांजन लावायची वेळ झाली होती. गवंडीणबाई रोज त्या ज्योतीपुढे बसून एक स्तोत्र म्हणायची. लग्नाआधीपासूनचा नेम, तापातही न मोडलेला. आज तिसऱ्या ओळीला शब्द थांबले. पाठ असलेलं आठवेना असं नव्हे, तोंडाबाहेर येईना. ती तशीच हात जोडून बसून राहिली.

नवऱ्यानं जेवताना सगळं ऐकून घेतलं. तो शांत माणूस, व्यवहारी. "सांगितलंस तर काय होईल?"

"माझ्या हातातलं काम काढून घेतील. सरांची पत जाईल. याआधीच्या चौकशांवरही बोट उठेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर काही होणार नाही," ती म्हणाली. "मला काहीच होणार नाही."

तेव्हा सासूबाईंनी ताटावरून हात उचलला. "काही होणार नाही, ते तुला. त्या बाईचं काय ते बोल की."

तिनं ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठली.

सर शुक्रवारी दुपारी आले. तिनं पडद्यावर आधी रेघ दाखवली, मग नोंद. सरांनी नोंदीवरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"माझ्या सहीनंतर?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारण्यासारखं काही आहे, हेच वाटलं नाही सर."

त्यांनी चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एकदम म्हातारे दिसले. "अहवालाच्या शेवटी एक परिच्छेद घालू. मापांत थोडीफार तफावत असू शकते, असा. समिती वाचेल आणि काय ते समजेल."

"समजणार नाही सर. म्हणून तर आपण तसं लिहायचं म्हणतोय."

सरांनी टेबलावरचा अहवाल उलटा ठेवला.

"तुमच्या नावाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे. "माझ्या नावाचं मी ठरवलंय. भिंती मी हलवल्या. सोमवारी मी सांगणार. फक्त नुसतं चुकलं म्हणून सांगून भागणार नाही. खरं काय ते दाखवावं लागेल. दोन दिवस आहेत. मला हॉल द्या आणि माणसं द्या."

सर खिडकीशी गेले. परत आले. "सुट्टीच्या दिवशी माणसं कुठली आणणार?"

"मी आणते," पलीकडून सरासरी म्हणाली. ती कधीपासून ऐकत होती देव जाणे. "माझ्या दोन आत्या, त्यांचे नवरे आणि आमच्या गल्लीतले सामान हलवणारे. फुकटात येतात, जेवायला मात्र घालावं लागेल."

शनिवारी सकाळी गवंडीणबाईनं भिंती आत घेतल्या. एकशे वीस. सरांनी स्वतः मोजलं, सही केली, आणि पुढे कुणाला काही बदलता येऊ नये म्हणून कुलूप घातलं. मग ती बारा माणसं एकेक करून आत गेली, प्रत्येक जण तीनदा. त्यांना कशाचीच कल्पना दिली नव्हती. नऊ म्हातारी माणसं आहेत, धूर येतोय, बाहेर काढा, एवढंच.

पहिली गेली सरासरीची थोरली आत्या. तिनं जवळच्या दारातून एकाला काढलं, बाहेर पोचवलं, रिकामी खुर्ची वळवून परत आत निघाली. समोरून चार नंबरचे आजोबा आपल्या खुर्चीत संथपणे येत होते. "अहो, मागे व्हा!" आत्या ओरडली. ते संगणकातले आजोबा, ते काय ऐकणार. आत्या थांबली. इकडे सरली, तिकडे सरली. मग खुर्ची मागे ओढत दारापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली.

रिकामी खुर्ची घेऊन. दारात. नुसती.

गवंडीणबाईनं तोंडावर पदर धरला. दुकानदारानं पाहिलं होतं ते हेच. शब्दाशब्दानं हेच.

बाराच्या बारा जण तिथे थांबले. कुणी शिव्या घातल्या, कुणी पाय आपटले, एक धिप्पाड हमाल चष्म्याआड रडायला लागला आणि "माझ्यानं नाही होत" म्हणून खाली बसला. त्याच्या दंडाला धरून तिनं बाहेर आणलं, पाणी दिलं. या आगीत कुणाला चटका बसत नाही, ही तिची समजूत त्या दिवशी संपली.

रविवारी संध्याकाळी सरासरीनं कागद पुढे ठेवला. यावेळी तिनं विनोद केला नाही. "छत्तीस फेऱ्या. सरासरी साडेपाच. सात जण एकाच माणसानं काढले, तेही एकदाच. सामान हलवणाऱ्यानं."

"आणि मावशींनी?"

"सात. पहिल्याच खेपेला. खऱ्या धुरात."

समितीची खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचे तांबे, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश, बारीक आवाजाच्या. मावशी एका टोकाला मांडीवर हात ठेवून बसलेल्या. गवंडीणबाई उभी राहिली.

"पॅसेज तुम्ही रुंद केलात?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही."

"मग का?"

"खुर्च्या अडकत होत्या, म्हणून. खेळात पात्र अडकलं की तो बनवणाऱ्याचा दोष असतो. मला वाटलं, माझा आहे. तो इमारतीचा होता."

वृद्धाश्रमाचा वकील ताडकन उठला. एकदा चुकलेलं यंत्र दुसऱ्यांदा चुकलं नाही कशावरून? अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं.

"कशावरूनही नाही," गवंडीणबाई म्हणाली. "पण पहिल्या वेळी आम्ही त्यांचं म्हणणं यंत्राशी ताडून खोटं ठरवलं. यंत्र चुकलंय, हे आम्हाला त्यांच्या हातांनी सांगितलं. त्यांनी हॉलमध्ये तळवे धरून दाखवले ते अंतर आम्ही मोजलं. नकाशापेक्षा एक सेंटीमीटर कमी भरलं. आमचं चोवीस जास्त होतं. आता कुणाचं माप विश्वासाचं, ते आपण ठरवा."

नंतर सगळ्यांना दारात थांबलेले ते बारा जण पडद्यावर दाखवले. अध्यक्षांनी शेवटी एकच विचारलं, "एखाद्या वेगळ्या क्रमानं गेलं असतं तर नऊ वाचले असते?"

"दहा हजार वेळा संगणकाकडून क्रम बदलून पाहिले. आठ एकदाही झाले नाहीत."

दुपारपर्यंत निर्णय झाला. पहिला अहवाल रद्द. मावशींचं आणि दुकानदाराचं, दोघांचंही म्हणणं खरं. हलगर्जीचा ठपका काढला. पॅसेज इतका अरुंद का होता, याचं उत्तर आता वृद्धाश्रमाच्या मालकांनी द्यायचं. बाहेर पडताना सर तिला म्हणाले, "चौकशीची कामं वर्षभर तुमच्याकडे देता येणार नाहीत, बाई. वरून तसं आलंय." ती बरं म्हणाली. सर मान हलवून निघून गेले.

मावशी बसथांब्यावरच्या बाकावर बसल्या होत्या. गवंडीणबाई जवळ गेली. पायाशी वाकावं असं वाटलं, पण तेही सोपं केल्यासारखं झालं असतं. ती बाजूला बसली.

"चुकलं माझं मावशी."

मावशींनी मान वळवली नाही. "चार महिने मी तेच सांगत होते. एकानं ऐकलं नाही. तुमच्या मशीननं सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या."

"हो."

"आभार बिभार नाही मानायची मी."

"नका मानू."

समोरून दोन मोटारी गेल्या. मावशींनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "ते तुम्ही आत सांगितलंत. क्रम बदलून. आठ झाले नाहीत म्हणालात. पण सात कोण, ते बदलत असेल."

गवंडीणबाईला हा प्रश्न येणार हे शनिवारपासून माहीत होतं. खोटं बोलायची सोय होती. मावशींना काय कळणार होतं?

"बदलतं," ती म्हणाली.

"शेवटच्या खोलीपासून सुरुवात केली असती तर?"

"तर त्या दोघी वाचल्या असत्या. दुसरे तिघं राहिले असते. कधी चौघं."

"म्हणजे त्या दोघींना मी ठेवलं."

"तुम्ही सातांना आणलंत, मावशी."

"ते झालंच की. पण त्या दोघींना ठेवलं." मावशींच्या आवाजात रडू नव्हतं, उगीच फुगवून सांगणंही नव्हतं. "जवळचं दार आधी उघडलं. ठरवून नाही. हात गेला."

हात गेला. गवंडीणबाईनं खाली पाहिलं.

"त्या कागदात तुम्ही त्यांना नंबर दिलेत," मावशी म्हणाल्या. "एक ते नऊ. सगळ्यांचं वजन साठ किलो."

"यंत्राला तसं द्यावं लागतं."

"काढा कागद. नीट लिहा."

तिनं पिशवीतून रद्द झालेला अहवाल काढला, त्याची मागची कोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं.

"एक नंबर, पोस्टातले आजोबा. दोन, त्यांच्यासमोरचे मास्तर; त्यांना उचलायला दोघं लागायचे. तीन, सारखी भूक लागणाऱ्या आजी. चार, तुमचे ते अडकलेले." मावशींच्या ओठाचा कोपरा हलला. "ते सगळीकडेच अडकायचे. जेवणघरात पण. पाच आणि सहा, नवराबायको. बोलत नसत एकमेकांशी, पण खोली वेगळी दिली तर जेवत नसत. सात, दिवसभर रेडिओ कानाला लावणारे."

गवंडीणबाई लिहीत गेली. अक्षर वाकडंतिकडं येत होतं.

"आठ, शिंपीणकाकू. डोळे गेले होते, तरी माझ्या झंपराची बाही उसवलेली हातानं ओळखायच्या. नऊ..."

बस आली. दार उघडलं. चालकानं वाट पाहिली, एकदा भोंगा वाजवला. त्यानंतरची बस चाळीस मिनिटांनी होती.

मावशी उठल्या नाहीत. "नऊ नंबरला वजनच नव्हतं हो," त्या म्हणाल्या, "चिमणीसारखी. एका हातानं उचलली असती," आणि तिथपासून सांगू लागल्या.